साबणाचा दहावा

हणमंता गेल्याची बातमी आमच्या घरी आली तेव्हा गिरणी चालू होती, त्यामुळं ती ओरडून आणि पुन्हा पुन्हा सांगावी लागली. सांगायला आले होते चाँदभाई. गावात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, लहानपणापासूनचे मित्र. ते दारात उभे राहून काहीतरी म्हणाले. अण्णांनी वरच्या डब्यात ज्वारी ओतता ओतता नुसता हात केला, म्हणजे रांगेत थांबा. चाँदभाई पुन्हा म्हणाले. मग त्यांनी सगळा जीव एकवटून हाळी दिली आणि नेमकं तेव्हाच अण्णांनी बटण दाबलं. पट्टा फटफटत थांबला आणि "अरे हणमंता गया रे, अपना हणमंता!" हे वाक्य मोकळ्या शांततेत बाहेर पडून थेट वेशीपर्यंत गेलं. दळण अर्धं असताना अण्णांनी गिरणी बंद केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवले. माझी माय पिठाच्या हातानं चुलीपुढून उठून बाहेर आली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "आन रुक्मिणीला कळलं का?" रुक्मिणी म्हणजे हणमंताची बायको. कळलं होतं; पण चाँदभाईंनी हाळी दिली नसती तर आजूबाजूच्या दोन वाड्यांना कळायला संध्याकाळ झाली असती.

आमचं घर म्हणजे पुढं गिरणी आणि मागं आम्ही. मधे एक भिंत होती, पण तिचा उपयोग फक्त दिनदर्शिका टांगायला व्हायचा. आवाज आणि पीठ तिला जुमानत नसत. चहावर पिठाची साय असे, पाठ्यपुस्तकं झटकून उघडावी लागत, आणि अण्णांच्या भुवया कायम पांढऱ्या असल्यानं ते रागावले की समोरच्याला हसू यायचं. याचा अण्णांना आणखी राग यायचा. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय झाल्यानं घरातली सगळी माणसं ओरडून बोलत. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. खरं भांडण झालं की माय आवाज खाली आणायची आणि मग आम्ही सगळे घाबरायचो. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि येसराची आमटी. आमटी इतकी झणझणीत की अण्णा म्हणायचे, गिरणीचा पट्टा जळाल्याचा वास नाकातून काढायला दुसरं औषध न्हाय. आमचं गाव तुळजापूर आणि तामलवाडीच्या मधे, सडकेपासून थोडं आत. यात्रेच्या गाड्या सडकेवरून जायच्या, आमच्याकडं वळायच्या नाहीत. गावाला बाहेर कुणी ओळखत असेल तर ते हणमंतामुळं.

हणमंता खो-खो खेळायचा. खो-खोत एक संघ पाटीवर बसून आळीपाळीनं पाठलाग करतो आणि दुसऱ्या संघाचे गडी बाद न होता पळत राहतात. हणमंता पळणारा. त्याला धरायला कितीही गडी सोडले तरी हाताला लागायचा तो फक्त त्याचा घाम. म्हणून गाव त्याला 'साबण' म्हणायचं. बाहेरगावच्या सामन्यांत माइकवरचा माणूस 'मराठवाड्याचा चपळ संरक्षक' वगैरे म्हणत असे आणि आमची माणसं मागून ओरडत, "साबण म्हन की, लाजतूस कशाला!" त्याच्या खेळाकडं बघून एका कारखान्यानं त्याला नोकरी दिली. आयुष्यभर जो कुणाला सापडला नाही त्याला त्यांनी चोर पकडायला, म्हणजे वॉचमन म्हणून ठेवलं. ड्यूटी संपली की तो सायकलवर गावात यायचा आणि शाळेमागच्या मैदानावर आम्हा मुलींच्या संघाचा सराव घ्यायचा. मुलांचा का घेत नाही असं सरपंचांनी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "पोरं ऐकत न्हाईत. पोरींला ऐकायची सवय हाय, तिचा उपेग तरी हुईल." आम्ही भावांच्या विजारी घालून पळायचो. तो काठावर उकिडवा बसायचा, ओरडायचा नाही. "मागं बगू नको. कान दे. खो कुटनं आला ते कानानं कळतंय." एवढंच त्याचं शिकवणं. ओरडणाऱ्या घरातून आलेल्या मला हळू आवाजात सांगितलेलं काहीही फार महत्त्वाचं वाटायचं, हेही त्यात असेल.

तो गेला तुळजापूरच्या बसस्टँडवर. गाडी सुटत होती, हा मागं पळाला, दांडी धरली, आत चढला, बसला आणि मान टाकली. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. गावानं तो निदान म्हणून स्वीकारला नाही. पुढचे कित्येक दिवस गिरणीत एकच तक्रार ऐकू येत होती आणि ती अण्णांनीच पहिल्यांदा मांडली: "त्यो बचावाचा गडी. जलमभर म्होरं पळाला. त्येला पाठलागाला कुनी लावलं?" काही जणांचा एसटीवरच राग होता. चाँदभाईंचं म्हणणं वेगळं होतं. "अण्णा, उसने पकडी ना बस? पकडी! पयले पाठलाग में गडी बाद किया. फिर गया." हे ऐकून अण्णांनी डोळे पुसले आणि चेहऱ्यावर पिठाचा चिखल झाला.

मी पुढं आयुष्यभर एका वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासल्या. कुणीही गेलं की 'कधीही भरून न येणारी पोकळी' येते, ती मी रोज खोडायची. मोठ्या माणसाच्या आठवणी सांगणारे लोक त्या माणसापेक्षा स्वतःविषयी किती बोलतात हेही तिथं कळलं. पण त्याचा पहिला धडा गिरणीत मिळाला होता. हणमंताचा सगळ्यात गाजलेला सामना लातूरला झाला होता. अख्खा डाव तो नाबाद राहिला होता. त्या आठवड्यात दळणाला आलेला प्रत्येक पुरुष तो सामना प्रत्यक्ष पाहिलेला निघाला. कुणी खांबाजवळ बसला होता, कुणी झाडावर, एकानं तर पाणी दिलं होतं. त्यांच्यातला एक त्या वर्षी पाळण्यात होता, हे त्याच्या आईनंच रांगेत उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "मग काय झालं? पाळना लातूरला हुता."

शोकसभेसाठी पेंटरकडून फलक करून घेतला. पेंटर निवडणुकीचे फलक रंगवून तयार झालेला होता आणि त्याच्या हाताला एकच चेहरा बसलेला होता. त्यामुळं 'खो-खोचा सूर्य मावळला' या अक्षरांखाली जो गृहस्थ रंगवला गेला त्याला सरपंचांच्या मिशा होत्या, सरपंचांची टोपी होती आणि गालावरचा सरपंचांचा तीळही होता. वेळ नव्हता म्हणून तोच फलक लावला. सरपंच भाषणाला उठले तेव्हा मागं त्यांनाच हार घातलेला होता आणि खाली उदबत्ती जळत होती. ते फार थोडं बोलले. गावानं त्यांचं इतकं आटोपशीर भाषण कधी ऐकलं नव्हतं आणि हणमंताचा गावावर हा आणखी एक उपकार, असं माय म्हणाली.

या सगळ्यात माझी एक गोष्ट अडकली होती. राज्याच्या मुलींच्या संघासाठी निवडीचं शिबिर भरणार होतं, सांगलीकडं, आणि आमच्या भागातून हणमंतानं माझं नाव पुढं केलं होतं. जायचं तर घर सोडून काही आठवडे राहावं लागणार होतं. गावातली कुठलीही मुलगी लग्नाशिवाय इतके दिवस घराबाहेर राहिलेली नव्हती. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं आणि भावकीत माझे एक थोरले चुलते होते ज्यांना विचारल्याशिवाय अण्णा बैलसुद्धा विकत नसत. हणमंता जायच्या चार-पाच दिवस आधीच रुक्मिणीकाकूंना घेऊन घरी येऊन बसला होता. माय चहा करत होती. तो म्हणाला होता, "अण्णा, पोरीला पाठवा. हिचं कान चांगलं हायत." अण्णा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ लहान मुलालाही माहीत होता. हणमंतालाही तो माहीत असावा, कारण जाताना तो रुक्मिणीकाकूंना आणि मला म्हणाला, "पुन्यांदा येतो. त्येंला दोन-तीनदा सांगावं लागतंय, गिरणीमुळं." पुन्हा यायचं राहिलं. शिबिर जवळ येत होतं आणि हणमंताशिवाय अण्णांना विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मी विचारणार नव्हते, माय विचारून थकली होती.

दहाव्याचा विधी गावाबाहेर ओढ्यावर होता. वाचणाऱ्यांत शहरातली मुलं असतील तर थोडं सांगायला हवं. दहाव्या दिवशी भाताचे पिंड करून मांडतात आणि सगळे लांब सरून कावळ्याची वाट बघतात. कावळ्यानं चोच लावली की मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली नाही असं समजायचं. तो येईना तर जवळच्या कुणीतरी पुढं होऊन मोठ्यानं शब्द द्यायचा: तुझी अमुक इच्छा आम्ही पुरी करू. ती बरोबर इच्छा असेल तर कावळा येतो. तेवढ्यानंही आला नाही तर गुरुजी दर्भाचा, म्हणजे गवताच्या काड्यांचा, कावळा करून तो पिंडाला लावतात आणि लोक जेवायला जातात. एरवी बायका फारशा ओढ्यावर जात नसत, पण हणमंताच्या मुलींचा संघ जाणार म्हटल्यावर आमच्या आयाही आल्या आणि बाभळीखाली वेगळ्या उभ्या राहिल्या.

कावळे त्या दिवशी भरपूर होते. बाभळीवर, बांधावर, पंपाच्या खोलीवर. गुरुजींनी आल्या आल्या त्यांच्याकडं बघून समाधानानं मान हलवली होती; त्यांना तुळजापुरात दुसरं काम होतं. हणमंताचा धाकटा भाऊ विधीला बसला होता. पिंड मांडले गेले. लोक मागं सरू लागले. आणि तेव्हा अण्णांनी चाहत्यांच्या वतीनं ठरवलेला कार्यक्रम पार पडला, जो त्यांनी गुरुजींना विचारलेला नव्हता. हणमंता सामना जिंकून आला की गाव वेशीत फटाक्यांची लांब माळ लावायचं. तो शेवटचा निघाला तर माळ का नको, असा अण्णांचा मुद्दा होता आणि गिरणीत तो सगळ्यांना पटला होता. माळ बांधावर पसरलेली होती. अण्णांनी उदबत्ती लावली. माळ वाजून संपायला बराच वेळ लागला. धूर गेला तेव्हा पिंड जागेवर होते, माणसं जागेवर होती, आणि आभाळात, झाडांवर, बांधावर, नजर जाईल तिथपर्यंत एकही कावळा नव्हता. तामलवाडी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो; ते जिल्हा सोडून गेले असावेत.

"हे काय केलंत?" गुरुजी म्हणाले.

"मान दिला," अण्णा म्हणाले.

यानंतर जे झालं ते समजून घ्यायचं तर एक लक्षात ठेवावं लागेल: कावळे का आले नाहीत हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते कुणीही उच्चारलं नाही. कावळा येत नाही म्हणजे इच्छा राहिली आहे, असं धरूनच सगळे चालले. पहिल्यांदा भाऊ उठला. "दादा, वहिनीला आन लेकरांला अंतर देनार न्हाय." कावळा आला नाही. अण्णा म्हणाले, "हणमंता, तुज्या नावानं दरसाल सामनं भरवू." काही नाही. चाँदभाई टोपी सारखी करत पुढं झाले. "हणमंता, तेरे बच्चों की सायकल का पंक्चर जिंदगीभर मैं काढूंगा. फुकट." सगळे वर बघत राहिले. मग वाद सुरू झाला, की मुळात हणमंताला हवं काय होतं. एक म्हणाला, त्याला मटण आवडायचं. दुसरा म्हणाला, मटण कुणाला आवडत न्हाई, ती इच्छा व्हय का? तिसऱ्यानं सांगितलं की खो-खो परदेशात खेळला जावा असं त्याला वाटायचं. लगेच अण्णांनी ओढ्याकडं तोंड करून शब्द दिला की गाव खो-खो परदेशात नेईल. आता परदेशी संघ खो-खो खेळतात, मी टीव्हीवर पाहिलंय. आमच्या गावाचा त्यात हात नाही, पण त्या दिवशीच्या शब्दांपैकी सगळ्यात अवघड शब्द आपोआप पुरा झाला हे नोंदवायला हवं.

ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, "मैदानाचं असंल." सगळ्यांच्या माना सरपंचांकडं वळल्या. शाळेमागच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं सरपंचांच्या मनात होतं आणि ते गावाला माहीत होतं. सरपंच म्हणाले, "त्याचा हितं काय संबंध?" सगळे नुसते बघत राहिले. दहाव्याच्या जागी उभं राहून इतक्या लोकांची नजर अंगावर घेणं सोपं नसतं. शेवटी ते पुढं आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हणमंतराव, मैदानाला हात लावनार न्हाय." सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं. सरपंचांनी बराच वेळ वर बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

आणि मग रुक्मिणीकाकू बोलल्या. तोवर त्या बायकांत खाली मान घालून बसल्या होत्या. "अण्णा भावजी, त्येंनी तुमाला एक सांगितलं हुतं."

"मला? काय?"

"पोरीचं."

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. थोरले चुलते शेजारीच उभे होते. बाभळीखालून माय बोलली, आणि तिचा आवाज खाली होता. "बोला की. दुसऱ्याच्या वतीनं परदेश कबूल केलासा. आता सोताचं आलं तर का दातखिळी बसली?"

अण्णा पुढं गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले, इतकं की फक्त ओठ हललेले दिसले.

"ऐकू येईना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अण्णा," चाँदभाई म्हणाले, "यहां से कव्वा सोलापूर में है. जरा जोर से."

अण्णांनी डोळे मिटले आणि गिरणीच्या आवाजात ओरडले, "हणमंता, पोरीला शिबिराला पाठवतो!" शब्द ओढ्यापलीकडं जाऊन आपटून परत आला. मी संघातल्या मुलींमधे उभी होते. कुणाकडंही न बघता मी आभाळाकडं बघत होते. त्याआधी आणि त्यानंतर कधीही मला कावळा इतका हवा होता असं आठवत नाही. आम्ही वाट पाहिली. एक साळुंकी आली, बांधावर बसली आणि उडून गेली.

अण्णांनी वळून दोन्ही हात पसरले. "बगा. न्हाई शिवला. मंजी हणमंताचं म्हननं तसं नव्हतं."

"बरुबर," सरपंच तत्काळ म्हणाले. "ज्या शब्दाला शिवला न्हाई ती इच्छाच न्हवती. मैदानाचं बी तसंच धरायचं." भावकीनं माना डोलावल्या. थोरल्या चुलत्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या संघातल्या एका मुलीनं माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भ घेतला, काड्यांना गाठ मारून कावळा केला, मंत्र म्हणून पिंडाला लावला आणि "झालं" म्हणाले. लोक चपला शोधू लागले. तेव्हा माय बाभळीखालून निघून सरळ पुरुषांत गेली.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा, पण लवकर."

"ह्यो कावळा खरा धरायचा का खोटा?"

"शास्त्रात तो कावळाच आहे."

"मग शिवला म्हनायचं?"

"शिवला."

"कुनाच्या शब्दाला शिवला?"

गुरुजींनी इतकी वर्षं दहावे केले होते, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसावा. त्यांनी हातातल्या काड्यांकडं पाहिलं. सरपंच म्हणाले की शेवटच्या शब्दाला धरावा. शेवटचा शब्द अण्णांचा होता. अण्णा म्हणाले, तसं कसं, गवताच्या कावळ्याला शब्द ऐकू येतो व्हय? ज्याच्या मैदानावरचं गवत त्याच्या शब्दाला धरा. चाँदभाई म्हणाले, त्यांचं पंक्चर आधीपासूनच पक्कं आहे, त्यांना यात ओढू नका. आवाज चढले. भाऊ म्हणाला, मी बसलोय विधीला, माझाच शब्द. थोरले चुलते म्हणाले की पोरीबाळींच्या गोष्टी इथं आणायच्याच नसतात. गुरुजींनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि निकाल दिला: "दर्भाचा कावळा एकट्या-दुकट्याच्या शब्दाला शिवत नाही. त्याच्या आधी जे जे बोललं गेलं, ते सगळं मृतात्म्याला पोचतं. सगळ्यांनी सगळं पाळायचं."

असा नियम आहे का हे मी नंतर अनेक जाणकारांना विचारलं. कुणाच्या ऐकण्यात नाही. गुरुजींना तुळजापूरची गाडी गाठायची होती, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

आम्ही निम्म्या वाटेत असताना कावळे परत आले, थव्यानं, आणि ओढ्यावर तुटून पडले. चाँदभाई थांबून म्हणाले, "अब आये. डाव संपल्यावर." कुणी हसलं नाही, मग सगळे एकदम हसले. रुक्मिणीकाकूही. पदरात तोंड घालून त्या हसत होत्या आणि त्यातच रडत होत्या, आणि माय त्यांना धरून चालली होती.

शब्दांचं पुढं काय झालं ते थोडक्यात. मैदानाच्या सडकेकडच्या बाजूला गाळे झाले, बाकी मैदान राहिलं. सरपंच म्हणायचे, मी हात लावला नाही, बोट लावलं. सामने बरीच वर्षं भरले, मग बंद पडले, आता पुन्हा भरतात. गावाच्या मोबाइलच्या ग्रुपवर हणमंताच्या पुण्यतिथीला सगळ्यांचे जोडलेले हात येतात आणि लातूरचा सामना पाहिलेल्यांची संख्या अजून वाढतेच आहे. चाँदभाई असेपर्यंत पंक्चरचे पैसे घेतले गेले नाहीत.

अण्णा दोन दिवस नुसते दळत राहिले. तिसऱ्या दिवशी थोरले चुलते आले. गिरणी चालू होती, त्यामुळं मी मागच्या खोलीत बसून सगळं ऐकलं. चुलते म्हणाले की भटाच्या तोंडून निघालेलं इतकं मनावर घ्यायचं नसतं, पोरगी ठेवून घे. अण्णा ओरडले, "दादा, तुमी म्हनता ते खरं हाय. पर आता माज्या हातात काय ऱ्हायलंय? शब्द गेला. मोडला आन उद्या हणमंता छपरावर येऊन बसला, तर त्येला हाकलायला कोन? तुमी?" चुलते बराच वेळ बसले. चहा घेतला. छपराकडं एकदा बघितलं. मग दळणाचा डबा घेऊन गेले.

शिबिराला अण्णा मला सोडायला आले. तुळजापूरहून सोलापूरची गाडी, तिथून पुढं दुसरी. मायनं भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधून दिली होती. गाडीत अण्णा गिरणीच्या आवाजातच बोलत होते, त्यामुळं तामलवाडी यायच्या आत सगळ्या गाडीला कळलं होतं की ही पोरगी कुठं निघालीय आणि का. त्यांनी माळ सांगितली, आभाळ सांगितलं, गवताचा कावळा सांगितला. "मी काय करणार? इलाज न्हाय." लोक हसत होते. मी खिडकीला तोंड लावून बसले होते. आमच्या समोर एक म्हातारे गृहस्थ होते, ते शांतपणे ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "आन पाव्हनं, त्या बाईंनी पोरीचा विषयच काढला नसता तर?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी झोपलेय असं त्यांना वाटलं असावं, कारण ते हळू बोलले.

"मग मला दुसरं कायतरी हुडकावं लागलं असतं."